सुदाम्याची परतीची वाट



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८० आणि ८१.

सुदाम्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. या दोन अध्यायांत तो नुसता 'कृष्णाचा ब्राह्मण मित्र' आहे. सुदामा म्हणून आपण त्याला परंपरेनं ओळखतो. गरीब मित्र पोहे घेऊन द्वारकेला गेला, देवानं ते आवडीनं खाल्ले, घरी परतला तर झोपडीच्या जागी महाल! माझ्या इंजिनिअर डोक्यात त्याचं सरळ गणित बसलं होतं. इनपुट मूठभर पोहे, आउटपुट महाल.

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली, तेव्हा हे गणित चुकलं. सकाळी अकराची मीटिंग दहा मिनिटांत संपली आणि दुपारी लॅपटॉप परत करायचा निरोप आला. घराच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. रात्री बायकोनं विचारलं, "आपल्याकडचे पैसे किती महिने पुरतील रे?"

मी म्हणालो, "देव आहे ना."

ती म्हणाली, "देव आहेच. मी पैशांचं विचारतेय."

खरं सांगतो, मला राग आला. हिची श्रद्धा कमी पडते असं वाटलं. त्याच आठवड्यात हे अध्याय पुन्हा वाचले आणि लाज वाटली. सुदाम्याची बायको उपाशी आहे, भुकेनं थरथरते आहे, आणि तीच त्याला म्हणते की तुमच्या मित्राकडे जा. भागवत तिला कुठेही लोभी म्हणत नाही, उलट पतिव्रता म्हणतं. देवाला न्यायला घरात काही नाही, तर तीच शेजारून चार मुठी पोहे मागून आणते आणि चिंधीत बांधून देते. म्हणजे ते पोहे मुळात तिचे! त्या रात्री आम्ही दोघांनी बसून एक्सेल उघडलं. पाच महिने निघणार होते.

आता मुख्य मुद्दा. आपण गोष्ट सांगताना द्वारकेवरून थेट महालावर उडी मारतो. मधली वाट राहून जाते.

द्वारकेत सुदाम्याचं स्वागत झालं. देवानं त्याचे पाय धुतले, एक मूठ पोहे खाल्ले. दुसरी मूठ घेताना रुक्मिणीनं हात धरला : एवढं पुरे. रात्र आनंदात गेली. सकाळी सुदामा निघाला तो रिकाम्या हातानं. त्यानं काही मागितलं नाही, देवानं समोर काही दिलं नाही. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला माहीत नाही. घरी उपाशी बायको वाट बघतेय. अशा वेळी तो काय विचार करतो? मला त्यानं मिठी मारली, जवळ बसवलं, याचा आनंद. आणि पैसा दिला नाही तेही दयेनंच. गरिबाला एकदम धन मिळालं तर तो मातेल आणि देवाला विसरेल.

त्याची कृतज्ञता महालाच्या आधीची आहे. महाल तिचं कारण नाही. पुढे महाल मिळाल्यावरही तो त्यात गुंतत नाही. बायकोसोबत राहतो, उपभोग घेतो, पण मन देवापाशी. बाहेरचं सगळं बदललं, आतला माणूस तोच.

आणि मी? चार महिन्यांनी नोकरी लागली, पगारही थोडा वाढला. बेकारीच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणत होतो. ऑफर लेटर आल्यावर किती दिवस म्हटला नाही, माहितीये? अकरा. तेही आईनं विचारलं म्हणून लक्षात आलं. सुदाम्याला वाटेत जी भीती वाटली, ती माझ्याबाबतीत तंतोतंत खरी ठरली. हप्ता चुकण्याच्या भीतीनं माझी भक्ती गेली नव्हती, हप्ता सुटल्यावर गेली.

मग सुख परिस्थितीवर अवलंबून असतं का? सोय असते. औषध, दूध, घरभाडं, शांत झोप या खऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांना पैसा लागतो. पण पैसा आल्यावर कृतज्ञता आपोआप येते, हा माझा समज होता, तो गेला. ती रिकाम्या हातानं चालतानाच शिकावी लागते, नाहीतर भरल्या हातांनाही जमत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'समाधानी राहा' हे फक्त स्वतःला सांगायचं. उपाशी माणसाला ते सांगू नका. त्याला पोहे द्या.

आजचा अभ्यास : तुम्ही सध्या ज्या गोष्टीची वाट बघताय, मग ती नोकरी असो, प्रमोशन, व्हिसा किंवा घर, ती अजून मिळालेली नाही असं धरूनच आज झोपण्यापूर्वी देवाचे एका गोष्टीसाठी आभार माना. एकच. दुसरी मूठ नको.

जय जय रामकृष्ण हरी!