शनिवार रात्रीच्या आधी

चि. भाच्यास,


शनिवारी रात्र होईतो उद्याचं वचन ठरत नाही, असं तू लिहिलंस. अशा वेळी पाळकाचा हात ओळखीच्याच पानांवर जातो: उधळ्या पुत्र, उत्तम मेंढपाळ, फार तर करिंथकरांच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय. मग बायबलच्या ६६ पैकी पन्नासेक पुस्तकं न उघडताच बदलीचा हुकूम येतो. मिलेतला इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना देवाचा संपूर्ण मनोदय सांगितल्याचा जो हिशोब पौलाने दिला, तो कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पुन्हा वाच.

बदलीपर्यंतच्या पाच वर्षांचा विचार कर, पण कागदावर एकच वर्ष मांड. ५२ रविवारांतून आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर, महिला मंडळ, युवक संघ आणि पाहुणे वक्ते वजा केलेस की हाती तीसेक राहतात. नाताळपासून ईस्टरपर्यंत एक शुभवर्तमान घे. रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या पाठक्रमात मत्तय, मार्क आणि लूक यांना एकेक वर्ष आहे, योहानाला स्वतंत्र वर्ष नाही. त्याची सोय तुलाच करावी लागेल.

ईस्टरनंतर एखादं पत्र सलग घे, पण लांबवू नकोस. प्रवचनकार लॉइड-जोन्स यांनी रोमकरांस पत्रावर १९५५ पासून १९६८ पर्यंत प्रवचनं केली, हे तुला कोणीतरी ऐकवेलच. ती लंडनला शुक्रवारी संध्याकाळी होत. रविवारी ते वेगळे विषय घेत.

पेरणी सुरू झाली की खेड्यावरची हजेरी तुटते. मागच्या रविवारी न आलेल्याला पौलाचा युक्तिवाद मधूनच कसा कळणार? त्या दिवसांत स्तोत्रं घे. प्रत्येक स्तोत्र आपल्या पायावर उभं असतं. आणि त्यांत विलापाची टाळू नकोस. दीडशेपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रं तक्रारीची, रडण्याची आहेत, अन् आपल्या उपासनेत मात्र बाराही महिने स्तुतीच. पाऊस दगा देतो, घरात तरणा मुलगा जातो, आणि आपलं रडणं म्हणजे विश्वासाची उणीव, असं त्या आईला वाटू लागतं. हे तिला मुद्दाम कोणी शिकवलेलं नसतं. विलाप तिने व्यासपीठावरून कधी ऐकलेलाच नसतो. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं. त्याला ओढूनताणून आशेचं शेपूट लावू नकोस. लोकांना ते पेलतं, आपल्यालाच धीर धरवत नाही.

हंगामाच्या सणाआधी रूथ घे. चार अध्याय, चार रविवार. दुष्काळात गाव सोडण्यापासून सातूच्या कापणीपर्यंतची ती गोष्ट आपल्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही.

आखणीला चिकटून मात्र बसू नकोस. धर्मसुधारक झ्विंग्लीने १ जानेवारी १५१९ ला झुरिकमध्ये मत्तय सलग सांगायला घेतला, पुढे कृत्ये, मग तीमथ्याला पहिलं पत्र. पण काही जण विश्वासाचा विपर्यास करताहेत असं दिसताच त्याने तीमथ्याला दुसरं पत्र मागे ठेवलं आणि गलतीकरांस पत्र आधी घेतलं. तू दर तिमाहीत दोन रविवार कोरे ठेव. गावात काय घडेल, हे जानेवारीत कसं कळावं?

एक वही कर. तारीख, शास्त्रभाग आणि त्या आठवड्यात कोणाच्या घरी गेलास, एवढंच लिही. अंत्यविधीचे संदेशही त्यात हवेत. ते नेमके सगळे विसरतात. जून ते सप्टेंबरची यादी मेअखेर मला दाखव. त्यात आमोस संदेष्ट्याचं पुस्तक नसेल तर का नाही, ते विचारीन.

तुझा,
मामा