साइट चालू होती, ऑर्डरी दोन ठिकाणी पडत होत्या

सर्व्हर बदलायचा म्हटलं की साइटच्या मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मध्येच साइट बंद पडली तर? हे काम बरीच वर्षं केल्यावर मला त्याची तेवढी भीती वाटत नाही. बंद पडलेली साइट लगेच कळते. कुणीतरी फोन करतं, आपण धावतो आणि ती पुन्हा उभी राहते. मला धास्ती वाटते ती जुना आणि नवा, असे दोन्ही सर्व्हर एकाच वेळी चालू असण्याच्या काळाची. तेव्हा दोघेही लोकांकडून नवी माहिती घेत राहतात आणि कुणालाच काही बिघडल्याचं दिसत नाही.

एका पुस्तकविक्रेत्यांकडे नेमकं हेच झालं होतं. दिवाळी अंकांची नोंदणी ऐन भरात असताना त्यांनी सर्व्हर बदलून घेतला. ज्यांनी काम केलं त्यांनी फाइली आणि डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला, डीएनएसमधला पत्ता बदलला, स्वतःच्या संगणकावर नवी साइट उघडून पाहिली आणि काम झालं म्हणून कळवलं. काही दिवसांनी मला फोन आला, "ताई, साइट तर छान चालली आहे. पण लोक म्हणतात पैसे भरले, आणि आमच्याकडे ऑर्डरच दिसत नाही."

ऑर्डरी होत्या, पण जुन्या सर्व्हरवर. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही डेटाबेस ऑर्डर क्रमांक एकाच आकड्यापासून पुढे मोजत होते. त्यामुळे एकाच क्रमांकाचे दोन वेगवेगळे ग्राहक तयार झाले होते. तक्रार आली की दुकानातली माणसं तो क्रमांक शोधत आणि त्यांना भलत्याच ग्राहकाचं नाव दिसे. दोन डेटाबेस पुन्हा एक करायचे म्हणजे जुन्या बाजूच्या प्रत्येक ऑर्डरला नवा क्रमांक द्यायचा, तिच्यातल्या अंकांची यादी, पत्ता आणि पैशांची नोंद त्या क्रमांकाला जोडायची, आणि मग प्रत्येक व्यवहार पेमेंट गेटवेच्या हिशेबाशी ताडून पाहायचा. सर्व्हर हलवायला लागला असेल त्याच्या कितीतरी पट वेळ या निस्तरण्यात गेला.

असं का होतं? डीएनएसमध्ये बदललेला पत्ता आपण कुठे पाठवत नसतो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हर आधी मिळालेलं उत्तर टीटीएलमध्ये लिहिलेल्या मुदतीपर्यंत जपून ठेवतात, आणि ती मुदत संपली की पुन्हा विचारायला येतात. टीटीएल ८६,४०० सेकंद असेल तर जुना पत्ता चोवीस तास चालू राहतो. नेमसर्व्हरच बदलले तर त्याहून जास्त, कारण डॉट कॉमच्या पातळीवर त्या नोंदीची मुदत दोन दिवसांची असते. म्हणून शक्य असेल तर नेमसर्व्हर आहेत तिथेच ठेवा आणि फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या आयपी पत्त्याची नोंद, बदला. टीटीएल ३०० सेकंदांवर आणायचा तो निदान दोन दिवस आधी. तासभर आधी आणून उपयोग नाही, कारण ज्यांनी सकाळीच उत्तर नेलं आहे ते जुन्याच मुदतीने चालणार.

इथे आणखी एक जागा हमखास निसटते. आयपीव्ही६ साठी डीएनएसमध्ये वेगळा रेकॉर्ड असतो. तो जुन्याच पत्त्यावर राहिला तर ऑफिसच्या ब्रॉडबँडवर नवी साइट दिसते आणि मोबाइलवरून येणारे लोक जुन्या सर्व्हरवर जात राहतात. आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. त्या विक्रेत्यांच्या बऱ्याचशा हरवलेल्या ऑर्डरी मोबाइलवरून आलेल्या होत्या.

पण टीटीएल हा अर्धाच उपाय आहे, कारण मुदत न पाळणारे सर्व्हर असतातच. म्हणून माझा आग्रह एकच: कोणत्याही क्षणी लिहिण्याचा अधिकार एकाच डेटाबेसला हवा, आणि ही सोय डीएनएसला हात लावण्याआधी झालेली हवी. मी फाइली आरसिंकने काही दिवस आधीच नेऊन ठेवते आणि शेवटच्या रात्री फक्त फरक नेते. नव्या सर्व्हरला जुन्याची प्रतिकृती करते, म्हणजे इकडे पडलेली प्रत्येक ऑर्डर क्षणभरात तिकडेही उमटते. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा पत्ता लिहून साइट आधीच तपासता येते. मात्र त्या वेळी नव्या साइटवर चाचणीची ऑर्डर टाकायची नाही. ती टाकायची असेल तर डेटाबेसची वेगळी प्रत घ्यावी.

ठरलेल्या वेळी जुना डेटाबेस फक्त वाचण्यापुरता ठेवायचा. मायएसक्यूएलमध्ये साधं रीड ओन्ली लावलं तरी सुपर अधिकार असलेलं खातं लिहू शकतं, म्हणून सुपर रीड ओन्ली लावावं. प्रतिकृती शेवटच्या नोंदीपर्यंत पोचली याची खात्री झाली की नवा डेटाबेस लिहायला मोकळा करायचा आणि लगेच जुन्या सर्व्हरवरचं एनजिनएक्स प्रॉक्सी म्हणून लावायचं. आता जुन्या पत्त्यावर आलेला माणूसही नव्याच सर्व्हरवर पोचतो. मगच डीएनएस बदलायचं. या अदलाबदलीत वाचणाऱ्याला काही कळत नाही, ऑर्डर देणाऱ्याला थोडं थांबावं लागतं. लहान दुकानाने प्रतिकृतीचा खटाटोप न करता पहाटे काही मिनिटं 'थोड्या वेळाने ऑर्डर द्या' अशी पाटी लावली तरी ते मला पूर्ण मान्य आहे. प्रॉक्सी मात्र त्यांनीही लावावी. तिच्यात पाहुण्याचा मूळ आयपी पत्ता पुढे पाठवायला विसरू नका, नाहीतर सगळी गर्दी एकाच ठिकाणाहून येते आहे असं समजून नव्या सर्व्हरची सुरक्षा तुमच्याच जुन्या सर्व्हरला अडवेल. एसएसएल प्रमाणपत्रही आधीच नव्या सर्व्हरवर नेऊन ठेवा. आणि जुन्यावरचे क्रॉन, म्हणजे ठराविक वेळी आपोआप चालणारी कामं, बंद करा, नाहीतर ग्राहकांना प्रत्येक मेल दोनदा जाईल.

मराठी साइटवाल्यांनी अक्षरांकडे फार लक्ष द्यावं. जुन्या कित्येक साइटींचे तक्ते लॅटिन१ मध्ये आहेत आणि त्यांत युनिकोड मराठी तसंच कोंबलेलं आहे. साइटवर ते नीट दिसतं, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही एकाच चुकीच्या रीतीने चालतात. हलवताना ही जोडी मोडते. 'म' हे एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. त्याची तीन अगम्य चिन्हं होतात. तेवढं असेल तर ते उलट फिरवता येतं. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली गेली तर मूळ मजकूर त्या प्रतीतून कायमचा गेला. म्हणून ओळी मोजून समाधान मानू नका. जोडाक्षरांची नावं, जुने लेख, इमोजी असलेले अभिप्राय प्रत्यक्ष उघडून वाचा. नवे तक्ते यूटीएफ८एमबी४ मध्येच करा, कारण मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ तीन बाइटपर्यंतच जातं आणि इमोजीला चार लागतात.

रात्री थकलेल्या माणसासमोर दोन सर्व्हरचे दोन सारखे काळे पडदे उघडे असतात, हाही मोठा धोका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं. सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. ज्या नेहमीच्या बॅकअपवर भिस्त होती, ते चालतच नव्हते. सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती म्हणून तोपर्यंतची माहिती परत मिळाली. गिटलॅबने हे सगळं लपवून न ठेवता सविस्तर लिहिलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. तेव्हापासून जुन्या सर्व्हरचा पडदा मी लाल रंगाचा ठेवते, आणि कुठेतरी प्रत्यक्ष उतरवून चालवून पाहिल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणत नाही.

जुना सर्व्हर लगेच सोडू नका. त्याची लॉग फाइल रोज पाहा आणि कोण येतंय ते ओळखा. त्या विक्रेत्यांची घडी नीट बसवल्यावरही जुन्या पत्त्यावर एक विनंती ठराविक वेळाने येत राहिली. शोधल्यावर ती कुरिअरवाल्यांच्या प्रणालीची निघाली. त्यांनी डोमेनऐवजी आयपी पत्ताच लिहून ठेवला होता. तो बदलून घेतला, लॉग पुन्हा पाहिली आणि मगच विक्रेत्यांना जुन्या सर्व्हरचं भाडं थांबवायला सांगितलं.