शिवणीतली माया कापू देऊ नका

माझे माहेर दौंडचे. वडील रेल्वेत होते. माझ्या लग्नातला रेशमी ब्लाउज दौंडच्याच एका जुन्या शिंपीकाकांनी शिवला. त्यांचे मुख्य काम वर्दीचे. राज्य राखीव पोलीस दलाचे गट दौंडला असल्यामुळे खाकीचे काम त्यांच्याकडे बारमाही असे. वर्दीची पँट वर्षानुवर्षे वापरायची आणि माणसाची कंबर काही तेवढीच राहत नाही. म्हणून पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत ते दीड इंचापर्यंत कापड आत सोडून ठेवत. शिवणीच्या आत सोडलेल्या या जादा कापडालाच माया म्हणतात. त्याच सवयीने माझ्या ब्लाउजच्या दोन्ही बाजूंनाही त्यांनी दीड दीड इंच माया ठेवली होती.

लग्न होऊन मी शिरूरला आले. पुढे मोठ्या आजारपणात अंग उतरले आणि तोच ब्लाउज खांद्यावरून उतरू लागला. एका दुकानात तो आवळायला दिला. फिटिंग नीट झाले, पण आतली माया पाव इंचावर कापून त्यावर इंटरलॉक मारलेले होते. विचारले, तर उत्तर मिळाले, "आत जाड लागत होते, म्हणून काढून टाकले." तब्येत सुधारली, अंग पुन्हा भरले, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात नेमका तो ब्लाउज अंगात जाईना. उसवायला आत काही उरलेच नव्हते. साडीतले ब्लाउजपीस तर लग्नाच्या वेळीच संपलेले. आईने हौसेने घेतलेली ती साडी मला दुसऱ्याच रंगाच्या ब्लाउजवर नेसावी लागली.

हिशेब करून पाहा. बाजूच्या दोन शिवणी, आणि प्रत्येक शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन थर. म्हणजे एकूण चार थर. प्रत्येकात दीड इंच माया असेल, तर अर्धा इंच आत शिल्लक ठेवूनही प्रत्येक थरातून एकेक इंच सोडता येतो. छाती चार इंचांनी वाढते. बाळंतपण असो, आजारपण असो, वय असो, एवढ्यात बाईचे बरेच आयुष्य सामावते. कात्रीच्या एका फेरीत ते सगळे गेले होते.

त्यानंतर मी शिवण शिकले, आणि आता शेजारपाजारच्या बायका आपापले कपडे घेऊन माझ्याकडे येतात. रांजणगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या मुली येतात, शाळेतल्या बाई येतात, मुलांचे गणवेश घेऊन आया येतात. बिघडलेल्या कपड्यांची कारणे फिरून फिरून तीच निघतात. ती आधी कळली असती तर यातले निम्म्याहून जास्त कपडे वाचले असते, म्हणून हे लिहिते आहे.

कापड आधी भिजवा

सुती कापड आटते. विणताना आणि नंतर गिरणीत त्याचे धागे ताणलेले असतात. पाणी लागले की ते सैल होऊन मूळ जागी येतात. शंभराला पाच या प्रमाणात कापड आटले, तरी 40 इंची कुर्ता 38 वर येतो. म्हणून सुती कापड कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा.

खरा घोटाळा अस्तराचा असतो. वरचे कापड रेशमी किंवा सिंथेटिक, आत सुती अस्तर. पहिल्या धुण्यात अस्तर आटते, वरचे कापड आहे तेवढेच राहते, आणि ब्लाउजवर फुगे येतात. मग ते काही केल्या जात नाहीत. पैठणीचे किंवा कुठलेही जरीचे कापड पाण्यात घालू नका. अस्तर मात्र न चुकता भिजवून घ्या. शिवायला बाहेर देत असाल, तर अस्तर स्वतः आणून, भिजवून, इस्त्री करूनच द्या.

मापाचा ब्लाउज

शिंप्याकडे जाताना आपण मापाचा ब्लाउज नेतो. तो बहुतेक वेळा जुना असतो, वापरून ताणलेला असतो, मधे कधीतरी आवळलेला किंवा सोडलेला असतो. त्यावरून शिवलेल्या नव्या ब्लाउजात जुने सगळे दोष जसेच्या तसे उतरतात. काखेतली चुणी, एका बाजूला सरकणारा गळा, घट्ट बाही, हे सारे वर्षानुवर्षे एका ब्लाउजातून दुसऱ्यात जात राहते. आणि बाईला वाटते, आपले अंगच असे.

म्हणून वर्षातून एकदा तरी अंगावरून माप घ्या. स्वतःचे माप स्वतः घेऊ नका. हात वर केला की खांदा हलतो आणि माप चुकते. नणंद, जाऊ, मुलगी, कुणाचीही मदत घ्या. कपड्याच्या आत जे रोज घालता तेच घालून उभ्या राहा. टेप पाठीवर खाली घसरलेली नाही ना, जमिनीला समांतर आहे ना, ते बघा. आत एक बोट सहज जाईल इतकीच ती घट्ट असावी. छातीचे माप एकूण तर घ्याच, शिवाय पुढचे आणि पाठीचे वेगळेही घ्या. दोघींची छाती 36 असली तरी एकीचे पुढचे अंग भरलेले असते, दुसरीची पाठ रुंद असते. 36 ला चाराने भागून दोघींना 9 इंच दिले, की दोघींनाही ते बसत नाही.

चुणी कुठे आणि दोष कुठे

आरशासमोर उभे राहून नुसते "सैल आहे" किंवा "घट्ट आहे" म्हणू नका. चुण्या पाहा. आडव्या ताणलेल्या रेषा असतील तर त्या जागी कापड कमी आहे. उभे झोळ पडत असतील तर तिथे जास्त आहे. तिरपी चुणी असेल तर तिचे टोक जिकडे जाते तिकडे दोष शोधा.

पुढून ब्लाउज वर उचलला जातो, तेव्हा लोक खालची पट्टी वाढवतात. पण छातीच्या उंचवट्यावरून जायला कापड कमी पडत असते. पुढच्या भागाला उंची हवी असते आणि टक्स योग्य जागी हवे असतात. खालून पट्टी जोडून हे साधत नाही. गळा पुढे वाकताना उघडा पडत असेल, तर बाजू आवळून फरक पडत नाही. खांद्याच्या शिवणीत पुढच्या बाजूने थोडे घ्यावे लागते.

सर्वात जास्त फसगत मुंढ्यात होते. हात वर केला की ब्लाउज वर सरकतो, काखेत ओढते. तेव्हा सरसकट मुंढा आणखी खाली कापला जातो. त्याने दुखणे वाढते. मुंढा जितका खोल, तितकी बाही हातासोबत अख्ख्या ब्लाउजाला ओढून नेते. काखेच्या जवळ बसणारा, बेताच्या उंचीचा मुंढा आणि वरून पुरेशी रुंद बाही असली की हात मोकळा फिरतो. कापलेला मुंढा मात्र वर आणता येत नाही. तिथे कात्री लावण्याआधी बाही उसवून, मुंढा तसाच ठेवून हात वर करून बघा. ओढणे थांबले तर दोष बाहीत होता.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला आहे. आधी खांदा, मग गळा आणि मुंढा, मग बाजू, त्यानंतर बाही आणि शेवटी उंची. सगळा कपडा खांद्यावर टांगलेला असतो. खांदा अर्धा इंच वर घेतला की खालचे सगळेच सरकते. आधी उंची कापून मग खांदा उचलला, तर कपडा आखूड झालाच म्हणून समजा.

आवळायचे कसे

कपडा उलटा करून अंगात घाला आणि दोन्ही बाजूंना टाचण्या लावून घ्या. एकूण 2 इंच कमी करायचे असतील, तर प्रत्येक शिवणीत फक्त अर्धा इंच आत जायचे. थर चार आहेत, हे विसरून प्रत्येक बाजूला एकेक इंच घेतला की कपडा 4 इंचांनी आवळला जातो. खडूने रेघ आखा आणि रेघेवर हाताने कच्चे टाके घाला. मग कपडा सुलटा करून घाला. खाली बसा, वाका, हात वर करा, खोल श्वास घ्या. सगळे नीट वाटले तरच मशीनवर टीप मारा. बाजूंतून एकूण 2 इंचांपेक्षा जास्त काढायची वेळ आली, तर थोडे टक्समधून आणि थोडे पाठीतून काढा. नाहीतर पुढचे टक्स काखेकडे सरकतात.

टीप मारल्यावर आत जाड लागत असेल, तर माया कापू नका. ती उघडून दोन्हीकडे इस्त्रीने बसवा, किंवा कडेला धावदोरा घालून अस्तराला हलकेच धरून ठेवा. जिथे गोलाई ताणते तिथे लहान कातरे द्या, तेही टिपेपासून पाव इंच दूर.

सुईकडेही लक्ष असू द्या. तलम कापडाला 9 किंवा 11 नंबर, साध्या सुतीला 14, जीन्सला 16 किंवा 18. बोथट सुई रेशमाचे धागे ओढते, आणि रेशमावर सुईचे भोक पडले की ते कायमचे. म्हणून रेशमी, तलम आणि चकचकीत कापडावर कच्चे टाके मायेच्या आतल्या बाजूलाच घाला.

सैल करायचे असेल, तर एक गोष्ट उसवण्याआधी तपासा. वर्षानुवर्षे आत राहिलेल्या कापडाचा रंग गडद राहिलेला असतो आणि बाहेरचे फिके झालेले असते. शिवण सोडली की तो पट्टा दिसतो. शिवणीच्या टोकाला एक इंचभर उसवून पाहा आणि मगच पुढे जा.

तयार कपडा घेताना

तयार कपड्यात माया जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि तीही इंटरलॉकने बांधलेली. तो सैल होत नाही. म्हणून जो भाग सर्वात कठीण, तो बसणारा कपडा घ्या आणि बाकीचा आवळा. कुर्ता आणि शर्ट खांद्याला बसला पाहिजे, पँट नितंबाला. कुर्त्याची बाजू किंवा पँटची कंबर घरी आवळता येते. खांदा उतरवणे हे बाही, गळा आणि कॉलर उसवण्याचे काम आहे. कोट, चेन आणि जरीचे काम असलेले कपडे जाणत्या हातातच द्या.

शाळेचा गणवेश तर वाढत्या अंगाचाच शिवतात. जूनमध्ये घेताना खाली 3 इंच दुमड ठेवा आणि ती हाताने, लांब टाक्यांनी शिवा. पूर्वी पोरींच्या परकराला आडव्या चुण्या घालत आणि उंची वाढली की एकेक सोडत. ती रीत आजही तितकीच उपयोगाची आहे.

हे काम हलके समजू नका

शिरूरहून न्हावरा, चौफुल्यामार्गे दौंडकडे जाताना वाटेत केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभे केले. 1896-97 च्या आणि पुन्हा 1900 च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली आणि बायका तिथे आल्या. अक्षरओळखीबरोबर त्यांना शिवण, विणकाम, छपाई, दूधदुभत्याची कामे शिकवली गेली. ती संस्था केडगावात आजही आहे. आपल्या या मुलखात बाईच्या हातातल्या सुईला असा शंभराहून अधिक वर्षांचा मान आहे. घरबसल्या वेळ घालवण्याचा उद्योग म्हणून तिच्याकडे पाहणे बरोबर नाही. मुलांनाही बटण लावणे, दुमड घालणे, उसवलेली शिवण पुन्हा घालणे शिकवा. त्यांनाही कपडे लागतात.

सगळे घरीच करा असे माझे म्हणणे नाही. चांगला शिंपी असेल तर त्याच्याकडे जरूर जा आणि त्याच्या कामाचे योग्य पैसे द्या. पण पावती करताना तिच्यावर दोन गोष्टी लिहून घ्या: माया कापायची नाही, आणि इंटरलॉक मायेच्या अगदी कडेला मारायचे. नवे शिवायला टाकताना बाजूंना दीड इंच माया सांगून ठेवा. कपडा परत घेताना सुलट्या बाजूबरोबर उलटी बाजूही दुकानातच पाहा. कपडा अंगाला बसत नसेल, तर अंगाला दोष देण्याआधी टेप हातात घ्या आणि माप तपासा. कात्री सर्वात शेवटी उचला.