लाकडी वीजखांबांची अविध्वंसक चाचणी : सुरक्षितता आणि देखभालीचे अर्थशास्त्र

विद्युत क्षेत्राच्या चर्चेत वीजनिर्मिती, वीजदर आणि गळती यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे तारा पेलणाऱ्या खांबांना मिळत नाही. भारतातील वितरणजाळे आज प्रामुख्याने सिमेंट काँक्रीट व पोलादी खांबांवर उभे आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत मात्र लाकडी खांब अद्यापही मोठ्या प्रमाणावर वापरात असून, एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे मानले जाते.

अशा एका खांबाची किंमत समाजाला किती मोजावी लागते, याचे उदाहरण टेक्सास राज्यात घडले. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथे 'स्मोकहाउस क्रीक' हा वणवा पेटला. त्यात १० लाख एकरांहून अधिक क्षेत्र होरपळले, दोन व्यक्तींचा मृत्यू झाला व हजारो गुरे दगावली. टेक्सासच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वणवा होय. कुजलेला वीजखांब मोडून तारा वाळलेल्या गवतावर पडल्या व त्यातून आग लागली, असा निष्कर्ष राज्य विधिमंडळाच्या चौकशी समितीने काढला. चौकशीत पुढे आलेल्या माहितीनुसार, काही आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत हा खांब बदलण्यायोग्य ठरला होता. म्हणजेच दोष कळला होता; त्यावरील कृती वेळेत झाली नव्हती.

खांब कोठे व का कुजतो?

लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा, प्राणवायू आणि अनुकूल तापमान यांची एकाच वेळी आवश्यकता असते. जमिनीत खोलवर प्राणवायू कमी असतो, तर जमिनीच्या बऱ्याच वर लाकूड वाळत राहते. म्हणून जमिनीच्या पातळीलगतचा पट्टा सर्वाधिक धोक्याचा ठरतो. वाऱ्यामुळे खांबावर येणारा वाकविणारा ताणही याच भागात सर्वांत जास्त असतो.

कूज रोखण्यासाठी लाकडात क्रिओसोट किंवा तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण दाबाखाली मुरविले जाते. यांपैकी दुसरी पद्धत १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने शोधून काढली आणि पुढे ती जगभर वापरली गेली. तथापि, परिरक्षक द्रव्य बाहेरच्या थरात जेवढे मुरते, तेवढे गाभ्यात मुरत नाही. भेगांतून पाणी व बुरशी आत शिरल्यास खांब बाहेरून धडधाकट दिसूनही आतून पोकळ होतो.

शक्तीचे साधे गणित

गोल खांबाची वाकण्यास विरोध करण्याची क्षमता त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. बाहेरील कूज काढून टाकल्यावर व्यास १० टक्क्यांनी घटला, तर उरलेली क्षमता ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ७३ टक्के राहते. याउलट, आतील पोकळी बाह्य व्यासाच्या निम्मी असली, तरी उरलेले कवच निकोप असल्यास क्षमता केवळ ६ टक्क्यांच्या आसपास कमी होते. पोकळी ८० टक्के व्यासापर्यंत पोहोचल्यास मात्र क्षमता सुमारे ५९ टक्क्यांवर येते. कूज किती आहे यापेक्षा ती कोठे आहे, हे कळणे यासाठीच अधिक महत्त्वाचे असते. मूळ आवश्यक सामर्थ्याच्या दोन-तृतीयांशांपर्यंत खांब कमकुवत झाल्यास तो बदलावा किंवा मजबूत करावा, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत सुरक्षा संहितेचा दंडक आहे.

चाचणीच्या पद्धती

वस्तूची उपयुक्तता न घटविता तिची अंतर्गत स्थिती जाणून घेणे म्हणजे अविध्वंसक चाचणी. लाकडाच्या अशा चाचणीवरील पहिला परिसंवाद १९६३ साली अमेरिकेतील मॅडिसन येथे झाला. प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत :

१. हातोडीने ठोकून पाहणे : निकोप लाकडाचा आवाज खणखणीत, तर पोकळ लाकडाचा बद्द येतो. ही पद्धत स्वस्त आहे. परंतु निष्कर्ष तपासणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून राहतो.

२. ताण-तरंग चाचणी : खांबाच्या एका बाजूस आघात करून तरंग दुसऱ्या बाजूस पोहोचण्यास लागणारा वेळ मोजतात. कुजलेल्या भागात तरंगाला अधिक वेळ लागतो. हा वेळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्यास सामर्थ्य जवळपास निम्मे झाले असावे, असा ढोबळ संकेत वापरला जातो.

३. रोध-वेधन : सुमारे ३ मिलिमीटर रुंदीच्या टोकाची सुई लाकडात फिरवत घालून तिला होणारा विरोध आलेखरूपात नोंदवितात. छिद्र अतिशय लहान असल्याने या पद्धतीस जवळजवळ अविध्वंसक मानतात. कवचाची जाडी यातून थेट कळते.

४. आर्द्रतामापन : लाकडाचा विद्युत्रोध मोजून ओलावा अजमावतात. ही कुजीची नव्हे, तर कुजीस पोषक परिस्थितीची सूचना होय.

चुकीचे दोन प्रकार

कोणतीही चाचणी अचूक नसते. समजा, १,००० खांबांपैकी ४० खांब खरोखर धोकादायक आहेत. चाचणी त्यांपैकी ९० टक्के, म्हणजे ३६ खांब ओळखते व ४ निसटतात. उरलेल्या ९६० निकोप खांबांपैकी ५ टक्के, म्हणजे ४८ खांबही ती सदोष ठरविते. सदोष ठरलेल्या ८४ खांबांपैकी खरोखर वाईट खांब निम्म्याहूनही कमी आहेत. सर्वच बदलल्यास ४८ चांगल्या खांबांचा खर्च वाया जातो. काहीच न केल्यास ३६ खांब अपघाताची वाट पाहत उभे राहतात. म्हणून प्रथम स्वस्त चाचणी सर्वांवर आणि नंतर महाग व अचूक चाचणी केवळ संशयितांवर, अशी द्विस्तरीय रचना किफायतशीर ठरते.

निदानाकडून निर्णयाकडे

खांब बदलण्याचा खर्च वीज कंपनी उचलते; वणव्याची हानी मात्र मुख्यतः शेतकरी, पशुपालक व रहिवासी सोसतात. अर्थशास्त्रात यास नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात. भरपाईचे दायित्व निश्चित नसल्यास देखभाल लांबणीवर टाकणे कंपनीला फायद्याचे वाटते आणि समाजाच्या दृष्टीने आवश्यक त्यापेक्षा कमी खर्च होतो. नियमनाची गरज येथेच निर्माण होते. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार १५ वर्षांहून जुन्या आणि पूर्वी अंतर्गत तपासणी न झालेल्या खांबांची अशी तपासणी १० वर्षांच्या आत, तर तीत उत्तीर्ण झालेल्यांची २० वर्षांच्या आत करावी लागते.

परंतु केवळ तपासणीची मुदत ठरवून भागत नाही. माहितीचे मूल्य तिच्यामुळे बदलणाऱ्या निर्णयात असते. सदोष ठरलेला खांब किती दिवसांत बदलायचा, तोवर त्या वाहिनीतील प्रवाह कोणत्या परिस्थितीत खंडित करायचा आणि याची जबाबदारी कोणाची, हे निश्चित नसेल तर चाचणीवरील खर्च कागदोपत्रीच राहतो. टेक्सासमधील घटनेचा हाच धडा आहे.

भारतातील खांबांचे द्रव्य वेगळे असले, तरी पोलादाचा गंज आणि काँक्रीटमधील भेगा हेही डोळ्यांआड वाढणारे दोष आहेत. दोष कसा शोधायचा, चुकीच्या निदानाची किंमत कोण देणार आणि निदानानंतर किती वेळात कृती होणार, हे तीन प्रश्न वीजखांब, पूल व जलवाहिनी या सर्वांनाच लागू पडतात. पायाभूत सुविधांच्या मूल्यमापनात नव्या उभारणीइतकेच या प्रश्नांच्या उत्तरांनाही महत्त्व दिले पाहिजे.