शेवटच्या ओळीवर जाऊ नकोस

अगं, काल रात्री तू फोनवर इतकी रडवेली झाली होतीस की मला धड काही विचारताच आलं नाही. सकाळी तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो मोठा करून पाहिला. अगदी खाली लिहिलंय, 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: अटेम्प्टेड टू किल इनिट', एक्झिटकोड ७. तेवढं वाचून तू ठरवलंस की इनिट बिघडलं, आता सगळं पुसून नव्यानं टाकते. थांब. पुसू नकोस.

ती ओळ मेलं कोण ते सांगते, मारलं कोणी ते नाही. ७ म्हणजे बस एररचा सिग्नल. इनिटनं आपल्याच प्रोग्रॅमचं एक पान डिस्कवरून मागवलं, ते आलं नाही, इनिट जागीच गेलं. आणि इनिट गेलं की कर्नल हात टेकतो. जरा वर बघ ना, आयओ एररच्या चार ओळी आहेत, 'एनव्हीएमई०एन१' नाव घेऊन ओरडतायत.

माझ्यावर हाच प्रसंग गुदरलाय, दोन पावसाळ्यांपूर्वी, इथे कळंबलाच. घरून काम चालू, शेतात आवणी, लाइटचा लपंडाव. लॅपटॉप मरायचा, पण मी काम करत असताना कधीच नाही! चहा टाकायला उठले, आईबरोबर आवणीवाल्यांची भाकरी घेऊन बांधावर जाऊन आले, की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. आधी लाइटला शिव्या घातल्या, मग इन्व्हर्टरला. नेरळला जाऊन नवी रॅम आणली, पैसे पाण्यात. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारा ताई. मारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

चीड यायची ती लॉगची. दुपारी ३.१२ पर्यंत सगळं सुखरूप, मग थेट पुढचं बूट. मधलं काहीच नाही. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर ट्यूब पेटली: लॉग लिहिला जातो कुठे? डिस्कवरच ना! कोठीची किल्ली कोठीत राहिली आणि बाहेरून कडी बसली, त्यातला प्रकार.

म्हणून नेटकन्सोल. कर्नलचे निरोप डिस्कवर न लिहिता वायरीतून थेट दुसऱ्या मशीनला जातात. बाबांचा जुना लॅपटॉप शेजारी ठेवला, लॅनची वायर जोडली, त्यावर नेटकॅट ६६६६ पोर्टला कान लावून बसवलं. वायफायच्या भरवशावर राहू नकोस, वायरच हवी. मग मी मुद्दाम उठून ओटीवर जाऊन बसले. वीस मिनिटांनी येऊन बघते तर बाबांच्या लॅपटॉपवर ओळ आलेली: 'कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट', आणि पुढे सीएसटीएस, शून्य, एक्स, आणि ओळीनं आठ एफ.

त्या आठ एफकडे मी किती वेळ बघत होते! पीसीआयवर कोणाला हाक मारली आणि तिथे उत्तर द्यायला कोणी नसलं, तर सगळे बिट १ वाचले जातात. म्हणजे डिस्क चुकीचं बोलत नव्हती, ती जागेवरच नव्हती.

कारण सांगते. डिस्कला काम नसलं की तिला टप्प्याटप्प्यानं झोपवायचं, याला एपीएसटी म्हणतात. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये हे २०१७ साली, ४.११ कर्नलपासून आलं. कोणत्या झोपेतून उठायला किती मायक्रोसेकंद लागतील ते डिस्कच सांगते, आणि ड्रायव्हर बिचारा तिच्या शब्दावर जातो. काही डिस्क गाढ झोपल्या की उठतच नाहीत. अशा डिस्कची यादी चक्क ड्रायव्हरच्या कोडमध्ये आहे, तिथे त्याला क्वर्क म्हणतात. जित्याची खोड, दुसरं काय! माझी डिस्क त्या यादीत नव्हती, एवढंच.

आता तुझं. सगळ्यात आधी पेनड्राइव्हवरून बूट करून प्रोजेक्टची प्रत काढ. ते झाल्याशिवाय पुढे हात लावायचा नाही, कळलं? मग ग्रबमध्ये 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'एनव्हीएमई_कोअर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०' घाल, अर्थात इंग्रजीत. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, घाबरू नकोस. त्याच दिवशी कर्नल बदलू नकोस, बायोसमध्ये बोटं घालू नकोस, नाहीतर बरं कशानं झालं ते कधीच कळायचं नाही. मशीन चालू ठेवून रात्रभर नुसतं पडू दे. सकाळी जिवंत असलं तर रोग सापडला. पण झोप पुरती मोडली की बॅटरी लवकर उतरते, म्हणून कंपनीचं नवं फर्मवेअर आलंय का ते बघ. मी पुढे शून्याच्या जागी ५५०० ठेवलं. हलकी डुलकी चालते, गाढ झोप नाही.

आणि तुझं मशीन भर कामातही बंद पडत असेल तर मात्र हे दुखणं वेगळं. तसं असेल तर शनिवारी ते घेऊनच ये, इथे नेटकन्सोल लावू. येताना लॅनची वायर आण, माझी उंदरांनी कुरतडलीय. कर्जतला उतरलीस की फोन कर, मी गाडी घेऊन येते.