छोटासा स्विच, मोठी जबाबदारी: घरातला खराब स्विच सुरक्षितपणे कसा बदलायचा



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, इलेक्ट्रिकलचं दुकान टाकायचं असेल तर आधी काय शिकू?" माझं उत्तर थोडं साधं वाटेल. आधी स्वतःच्या घरातला एक स्विच नीट बदलायला शिका. जी वस्तू आपण विकणार आहोत ती स्वतःच्या हातानं कधी बसवलीच नसेल, तर गिऱ्हाईकाला सांगणार काय?

हा धडा मी स्वतः चूक करून शिकलोय. दुकान सुरू करून काहीच महिने झाले होते. एक काका आले, म्हणाले, "एक स्विच द्या, जुना जळलाय." मी सहा अँपिअरचा स्विच काढला, पैसे घेतले, विषय संपला. पंधरा दिवसांनी काका परत आले. हातात तोच स्विच, पण अर्धा वितळलेला. तो गिझरचा स्विच होता! बाथरूमबाहेरच्या बोर्डातून धूर निघाला, तेव्हा सूनबाईंनी मेन बंद केला म्हणून निभावलं. काका रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "तुम्ही विचारलं का नाही?" तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

आधी गणित समजून घ्या

आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. उपकरणाचे वॅट भागिले २३० केलं की किती अँपिअर करंट जातो ते कळतं. १००० वॅटची इस्त्री म्हणजे साधारण ४.३ अँपिअर. २००० वॅटचा गिझर म्हणजे ८.७ अँपिअर. आता सहा अँपिअरच्या स्विचमधून पावणेनऊ अँपिअर रोज अर्धा तास गेला तर तो वितळणारच. लाईट, पंखा, टीव्ही यांना ६ अँपिअर. गिझर, एसी, ओव्हन यांना १६ अँपिअर. हे पाठच करून टाका.

स्विच बदलायची वेळ कधी आली?

चालू करताना चरचर आवाज येतो. लाईट फडफडते. बटण ढिलं झालंय, मध्येच अडकतं. बोट लावलं तर गरम लागतं. कडेला पिवळा-काळा डाग दिसतो किंवा जळका वास येतो. आतली स्प्रिंग आणि कॉन्टॅक्ट झिजले की प्रत्येक वेळी छोटी ठिणगी पडते, त्यातून उष्णता वाढते आणि प्लास्टिक जळायला लागतं. "चालतंय ना, मग चालू दे" असं इथं म्हणायचं नाही. आणि हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या बोर्डाला अजिबात हात न लावता मेन बंद करून थेट वायरमनला बोलवा.

काम सुरू करण्याआधी

१. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तपासा. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो सगळीकडे "करंट नाही" असंच सांगणार.

२. मेन स्विच बंद करा. नुसतं त्या लाईटचं बटण बंद करून भागत नाही. बटण बंद असलं तरी स्विचच्या एका टोकाला फेज आलेलीच असते.

३. इन्व्हर्टर बंद करा! सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो लगेच त्याच बोर्डाला करंट देतो. मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद पाहिजेत.

४. घरातल्या सगळ्यांना सांगा आणि मेनवर कागद चिकटवा: "काम चालू आहे, हात लावू नये."

५. पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे, उजेडासाठी बॅटरी. काम दिवसा करा. भिंत ओलसर असेल तर त्या दिवशी काम करूच नका.

आता प्रत्यक्ष काम

मॉड्युलर बोर्ड असेल तर वरची प्लेट खाचेतून हळूच उचकटा आणि आतल्या फ्रेमचे स्क्रू काढा. जुना बोर्ड असेल तर चारही कोपऱ्यांचे स्क्रू काढून शीट पुढे ओढा. झटका देऊन ओढू नका, मागे वायर आहेत.

बोर्ड उघडल्यावर वायरला हात लावायच्या आधी प्रत्येक स्विचच्या प्रत्येक टोकाला टेस्टर लावा. एका बोर्डात मेनची आणि इन्व्हर्टरची अशा दोन वेगळ्या फेज असू शकतात. एक मेली म्हणून दुसरी मेली असं समजू नका. मल्टिमीटर असेल तर त्यानंही बघा, टेस्टरपेक्षा तो जास्त भरवशाचा.

मग मोबाईलवर फोटो काढा. साध्या स्विचला दोन टोकं असतात: एकात फेज येते, दुसऱ्यातून लाईटकडे जाते. बऱ्याचदा फेजच्या टोकात दोन वायर असतात, त्यातली एक पुढच्या स्विचला लूप म्हणून गेलेली असते. ती सुटली तर पुढचे स्विच बंद पडतात. तीन टोकं दिसली तर तो टू-वे स्विच आहे, जिन्यात असतो तसा. त्याला टू-वेच बसवायचा.

वायरचं टोक काळं पडलं असेल तर तेवढं कापा आणि साधारण एक सेंटिमीटर सोलून नीट पिळा. टोकात पूर्ण घालून स्क्रू घट्ट करा. बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये. मग प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. ढिला स्क्रू म्हणजे पुन्हा उष्णता, पुन्हा तीच गोष्ट.

बोर्ड पूर्ण बंद करा, स्क्रू लावा, मगच मेन चालू करा. दहा-पंधरा मिनिटं लाईट चालू ठेवून स्विच गरम होतोय का ते बघा.

इथं थांबायचं

स्विचला काळी वायर आलेली दिसली, तर थांबा. काळी म्हणजे सहसा न्यूट्रल. स्विच न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये करंट राहतो, आणि बल्ब बदलताना माणूस चिकटतो. वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तुटत असेल, बोर्ड आतून जळलेला असेल किंवा एमसीबी वारंवार पडत असेल, तरीही थांबा. ही कामं वायरमनची.

धंद्याच्या दृष्टीनं

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची जशीच्या तशी बदली करायला परवाना लागत नाही, पण अट अशी की क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. नवीन पॉइंट काढणं, वायरिंग बदलणं हे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच व्हायला हवं. काकांच्या गिझरला नुसता १६ अँपिअरचा स्विच देऊन भागलं नसतं, कारण मागची वायर लाईटच्या पॉइंटची होती, बारीक. तिथं नवी जाड वायर ओढावी लागली, आणि ते काम परवानाधारक माणसानंच केलं. म्हणून "होम सर्व्हिस" सुरू करायची असेल तर परवानाधारक माणूस सोबत घ्या, किंवा आयटीआयमधून वायरमन वा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स करून पुढची वाट धरा.

माल घेताना आयएसआय मार्क आणि त्यावर आयएस ३८५४ हा क्रमांक बघा. घरगुती स्विचचं मानक तेच. बिनामार्काच्या मालात मार्जिन जास्त सुटतं, पण तो परत येतो तेव्हा नुसता माल येत नाही, गिऱ्हाईकाचा तुटलेला विश्वासही येतो.

आज माझ्या काउंटरवर तीन प्रश्न लिहून लावलेत. "कशासाठी पाहिजे? जुना का गेला? बसवणार कोण?" पोरगा नवीन असो की जुना, हे विचारल्याशिवाय स्विच द्यायचा नाही. अर्धा मिनिट जातो. गिझरवाले काका आजही माझ्याकडेच येतात, आणि मुलाच्या नव्या फ्लॅटचा सगळा माल त्यांनी माझ्याकडूनच नेला.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातले सगळे स्विच मोजा. कोणत्या स्विचवर काय चालतं, ते किती वॅटचं आहे आणि किती अँपिअर होतात, हे वहीत लिहा. काहीही उघडायचं नाही, फक्त लिहायचं. एखादा स्विच चुकीचा निघाला, तर समजा तुमच्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक तुमच्याच घरात आहे.

भेटू पुढच्या धड्यात!