धम्मपाठ : भूक वेगळी, हाव वेगळी

उपासक-उपासिकांनो,

तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे, असे आपण विहारात ऐकतो. ते ऐकून एखादी माउली विचारते, "गुरुजी, लेकरू आणखी एक भाकरी मागते, ही पण तृष्णाच का?" प्रश्न साधा वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाला कोणी "हाव सोडा" असा उपदेश करू लागला, तर तो धम्म नव्हे. म्हणून आज हे शब्द नीट निवडून घेऊ.

भूक लागते. पोटात कावळे ओरडतात, पोटात आग पडते, पोट पाठीला लागते. हे सारे बोलणे शरीराचे आहे. अन्न मिळाले की भूक शमते. हाव मात्र माणूस धरतो. लोभ धरतो, हव्यास धरतो. कितीही खाऊन ज्याचे भरत नाही, त्याला भस्म्या झाला म्हणतात. आपण "सत्तेची भूक", "जमिनीची भूक" असेही म्हणतो. तेथे शब्द भुकेचा असला तरी अर्थ हावेचाच असतो.

याच्या उलटही घडते. उपाशी माणूस घाईने जेवला, तर त्याला "अधाशी", "हावरट" म्हणतात. पंगत उठेपर्यंत दूर बसून उष्ट्याची वाट पाहणाऱ्या आपल्या आजा-पणज्यांनी हे शब्द ऐकले. ज्याने गावाचे धान्य कोठारात भरले, तो मात्र "मोठा माणूस" ठरला. उपासमार लादली समाजव्यवस्थेने आणि नावे ठेवली भुकेल्याला!

आता पाली शब्द पाहू. "तण्हा" म्हणजे मूळ अर्थाने तहान. पण धम्मात हा शब्द मनाच्या तहानेसाठी येतो. तिचे तीन प्रकार सांगितले आहेत : कामतण्हा, भवतण्हा आणि विभवतण्हा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपले लोक पाणी प्याले. ती तण्हा नव्हती. तो माणुसकीचा हक्क होता. तसाच "लोभ" हा शब्द. पत्राच्या शेवटी आपण "लोभ असावा" लिहितो, तेथे त्याचा अर्थ माया. धम्मात मात्र लोभ, द्वेष आणि मोह ही तीन अकुशल मुळे आहेत.

भगवान बुद्धांनी हा भेद आचरणात कसा दाखविला, हे दोन कथांतून कळते. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो थकला आणि उपाशीपोटीच उपदेश ऐकायला आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले, मग धम्म सांगितला. भुकेसारखा दुसरा रोग नाही, असे ते भिक्खूंना म्हणाले.

दुसरी कथा संयुत्तनिकायातील, कोसलच्या राजा प्रसेनजिताची. तो दोणभर भात खाऊन धापा टाकीत आला. त्याला भगवंतांनी जेवणात मात्रा ओळखायला सांगितले. राजाने तो उपदेश सुदस्सन नावाच्या तरुणाकडून रोज जेवताना म्हणवून घेतला आणि हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला.

शेतकऱ्याला अन्न, राजाला मात्रा. रोग ओळखून औषध!

बाबासाहेबांनीही हेच केले. महाडच्या परिषदेत १९२७ साली त्यांनी उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. ते उपाशी राहण्यासाठी नव्हे, तर स्वाभिमानाने मिळविलेली भाकरी खाण्यासाठी. धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, असे त्यांनी १९५० सालच्या लेखात स्पष्ट लिहिले.

म्हणून घरात लेकराने आणखी मागितले, तर त्याला "हावरा" म्हणू नका, वाढा. पण लग्नात मानपानासाठी कर्ज काढण्याची इच्छा झाली, हुंडा मागावासा वाटला, तर तेथे थांबा. ती तृष्णा आहे.

घरी विचार करा :
१. भूक आणि हाव यांत फरक कोणता?
२. भगवंतांनी शेतकऱ्याला आधी जेवू का घातले?
३. आपल्या घरातील एक गरज व एक हाव सांगा.

जय भीम! भवतु सब्ब मंगलं.